शोधयंत्राचा कारभार

वाचकाचा वेळ वाचविणे हा ग्रंथालयाचा धर्म होय, असे रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पंचसूत्रीतील चौथ्या सूत्रात सांगून ठेवले; त्या धर्माच्या पालनार्थ आमच्या कार्यकारी मंडळाने स्वतःचा वेळ किती उदारपणे खर्च केला, याचा दाखला इतिवृत्ताच्या वहीत कोणासही पाहावयास मिळेल.

झाले असे, की गूगलने २००६ साली सुरू केलेली एक सोय उशिराने का होईना आमच्या कानी आली : आपण निवडक संकेतस्थळांची यादी द्यावी आणि यंत्राने तेवढ्याच इलाख्यात शोध घ्यावा. मराठी विश्वकोश, विकिस्रोत आणि आमची ग्रंथसूची एवढ्यावर भागावे, असे मी मानद चिटणीस या नात्याने सुचविले. परंतु यादी म्हटली की शिफारस आलीच. ज्या दैनिकात आपली पत्रे छापून येतात ते दैनिक कोषाध्यक्षांनी दाखल करविले. उपाध्यक्षांनी आपल्या जामातांचे औषधी तेलांचे दुकान ‘आरोग्यविषयक वाङ्मय’ या सदराखाली बिनविरोध मंजूर करून घेतले.

राम गणेश गडकरी यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ आणि विनोद ‘बाळकराम’ या नावाने लिहिला, हे यंत्रास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सबब हे तिघे एकच इसम असल्याची नोंद मी समानार्थी शब्दांच्या तक्त्यात करून दिली, आणि कोषाध्यक्षांच्या दैनिकाच्या कृपेने ‘गोविंदाग्रज’ शोधणाऱ्या एका विद्यार्थिनीस महामार्गांच्या भूमिपूजनांची साद्यंत वार्ता मिळू लागली.

शुद्धलेखनाचा प्रश्न त्याहून बिकट. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांस रजा दिली खरी, परंतु जुन्या ग्रंथांतील ‘नांव’ आणि ‘कांहीं’ अद्याप सेवेत आहेत. शिवाय ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी नोंदविता येतो, आणि डोळ्यांस दोन्ही रूपे एकच दिसत असली तरी अक्षरास अक्षर जुळविणारे यंत्र त्यांना सावत्र भावंडांसारखे वागविते. (हे मंडळास समजावून सांगताना सभेची गणसंख्या भंगली.)

सोय विनामूल्य असल्यामुळे निकालांसोबत जाहिराती येत. ज्ञानेश्वरीचा शोध घेणाऱ्या एका वयोवृद्ध सभासदांस गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात दिसली. ग्रंथालय आपली इतकी काळजी वाहते हे पाहून त्यांनी आभाराचे पत्र धाडले, आणि ते सूचनाफलकावर लावण्यात आले.

पुढे वाचक काय शोधतात याची टिपणे तपासली, तो ‘तलाठी भरती’ अग्रस्थानी आणि दहावीचा निकाल तिच्या पाठोपाठ! साहजिकच सरकारी स्थळेही यादीत घ्यावी लागली, त्यांच्यामागून परीक्षा-मार्गदर्शकांची रीघ लागली, आणि यादी इतकी फुगली की एकेक स्थळ मंजूर करण्यापेक्षा समग्र मायाजालच एका ठरावाने दाखल करून घ्यावे, असे अध्यक्षांनी सुचविले. यंत्रात तशी खूणगाठ होतीच. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. आमचे खास शोधयंत्र आता साऱ्या जगात शोध घेते, आणि मूळच्या गूगलहून ते वेगळे ओळखू यावे म्हणून त्याच्या माथ्यावर अध्यक्षांचे फेट्यातील छायाचित्र बसविले आहे.