उरली गं!

प्रत्येक इमारतीत एक लोकरवाल्या काकू असतातच. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. डोंबिवलीची थंडी म्हणजे वर्षाकाठी चार पहाटा, त्याही उन्हं आली की संपतात. पण काकूंचं विणकाम थंडीसाठी नसतंच मुळी. ते असतं उरलेल्या लोकरीसाठी.

कुणाच्या बाळाचं टोपडं होतं, मोजे होतात आणि लिंबाएवढा गुंडा मागे राहतो. तो जातो काकूंच्या दिवाणाच्या पोटात. गेल्या काही वर्षांत त्या दिवाणाचं झाकण पुरतं बसेनासं झालंय. त्यामुळे काकूंकडे आलेला पाहुणा चहा पितो तो किंचित डावीकडे कलून.

या गुंड्यांची ब्लँकेटं होतात. कृती सोपी. दहा नंबरच्या सुईवर 30 टाके घालायचे आणि 60 ओळी नुसत्या सुलट विणायच्या. सगळंच सुलट विणलं की दोन ओळींची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, म्हणून टाक्यांच्या दुप्पट ओळी. झाला चौकोन. असे 80 चौकोन जोडायचे.

एक चौकोन म्हणजे 1800 टाके. नोकरीत असताना काकू लोकलमध्ये डोंबिवलीला खिडकी मिळाली की टाके घालायच्या आणि भायखळा आलं की बंद करायच्या. गाडी रखडली की चौकोनाचा आयत व्हायचा. त्यांच्या एका ब्लँकेटच्या कडेला चांगली मफलरएवढी लांब पट्टी आहे. ती 26 जुलै 2005च्या पावसातली.

काकूंकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे, पण त्यावर मैदा मी कधी पाहिला नाही. एका चौकोनाला दहा-बारा ग्रॅम लोकर लागते. गुंडा नऊ ग्रॅम भरला की काकूंचा चेहरा पडतो. शेवटाकडे तर दर ओळीला त्या दोरा विणीवर ताणून मोजतात. रुंदीच्या तिपटीहून जास्त उरला असेल तरच पुढची ओळ! त्या वेळी घरात कुणी शिंकलेलंही त्यांना चालत नाही.

काकू माणसाला ओळखतात त्याच्या स्वेटरवरून. माझ्या भावाचं लग्न ठरल्याचे पेढे घेऊन गेले, तर म्हणाल्या, "अगं, तो त्याचा शाळेतला निळा स्वेटर आता काय करणार?" आठवड्यात स्वेटर उसवला गेला. उसवलेली लोकर शेवयांच्या उपम्यासारखी कुरळी होते. काकूंनी तिची लडी घातली, कोमट पाण्यात बुडवली आणि सरळ व्हावी म्हणून खाली वजन बांधून गॅलरीत टांगली. वजन म्हणजे खलबत्त्यातला बत्ता. दोन दिवस त्यांच्याकडे आलं-लसूण ठेचलं गेलं नाही. काका निमूट जेवले.

परवा काकूंनी मला वर बोलावलं. नवं ब्लँकेट पुरं झालं होतं. भावाचा निळा चौकोन बरोबर मध्ये, शेजारी मी नववीत "मुळीच घालणार नाही" म्हटलेल्या पोपटी स्वेटरचा.

"एक पैसा खर्च नाही," काकू म्हणाल्या. "सगळी उरलेली."

"आणि हा मरून काठ?"

"तो विकत आणला. चारी बाजूंना एकच रंग हवा ना! पंधरा गुंडे."

"म्हणजे खर्च…"

"तो काठाचा गं. ब्लँकेट फुकट."

एवढं बोलून काकूंनी पिशवीत हात घातला आणि अडीच मरून गुंडे बाहेर काढले. त्यांच्या चेहऱ्यावर खंत होती, पण डोळे लकाकत होते.

"उरली गं! आता एवढी चांगली लोकर टाकायची का?"

मी न सांगता दिवाणावरून उठले.