आधी सूर्य, मग पाणी

वेल्ह्याच्या (कागदोपत्री आता राजगड तालुका) घराची डागडुजी काढली तेव्हा क्रम मीच ठरवला: आधी सोलर, मग टाकी, मग नळ. प्लंबर उलटं सांगत होता. पण अक्षय्य तृतीयेची सवलत सोलरवर होती, नळांवर नव्हती. शिवाय साडेतीन मुहूर्तांपैकी एक. अशा वेळी प्लंबरचं ऐकणारा माणूस संसारात मागे पडतो.

मोरीतला तांब्याचा बंब त्याच आठवड्यात भोरला मोडीत घातला. तांब्याला भाव चांगला होता. आत्या म्हणाली, "पावसाळाभर तरी राहू दे रे." मी तिला सौरऊर्जा समजावून सांगितली.

मोरीच्या स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून काचेच्या काळ्या नळ्या बसल्या. सोलरला गार पाणी वरून यावं लागतं, म्हणून टाकी त्याहून उंच हवी; आणि टाकीचा चौथरा बांधणारा गवंडी लग्नसराईत अडकलेला. तोवर नळ्या कोरड्याच वैशाखात तापत राहिल्या. काच दुहेरी, मधली हवा काढलेली. आत शिरलेली उष्णता बाहेर पडतच नाही. कोरड्या नळीच्या आत २०० अंशांच्या वर पारा जातो. बसवणारा पोरगा जाताना म्हणालाही होता, "पाणी भरेपर्यंत वर गोणपाट टाका, आणि भरायचं ते सकाळी लवकर." पण गोणपाट टाकल्यावर गावाला दिसणार काय?

टाकी चढली त्या दिवशी भर दुपारी, चारचौघांना बोलावून, कॉक मी स्वतः सोडला. वर टक् असं वाजलं. मग पुन्हा टक्. "तापायला लागलं," मी जाहीर केलं. तोवर स्लॅबवरून पागोळ्या गळू लागल्या आणि आळीतली पोरं त्यांच्याखाली नाचू लागली.

"बंबात पाणी असल्याशिवाय विस्तव घालू नये, हे तुला लहानपणी सांगितलं नव्हतं?" आत्यानं विचारलं. सांगितलं होतं. पण ते बंबाबद्दल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका तर तेव्हापासून भेटले की भाटघरवरच येतात: १९२८ साली ते धरण पुरं झालं, तेव्हा साहेबानंसुद्धा आधी भिंत बांधली आणि मग पाणी अडवलं.

नव्या नळ्या आल्या त्या मृगाबरोबर. आमच्याकडे एकदा ढग उतरले की तोरणा दिसत नाही, मग सूर्य कुठला? सोलरचं पाणी विहिरीच्या पाण्याशी स्पर्धा करू लागलं. आत विजेची कॉइल आहे म्हणा. पण पहिल्या वाऱ्याला वीज जाते. तशात तोरणा उतरून आलेले पुण्याचे पाहुणे, गुडघ्यापर्यंत चिखल, दारातच म्हणाले, "वा, सोलर! म्हणजे अंघोळीला कडक पाणी."

दुसऱ्या दिवशी भोर गाठलं. बंब दुकानाच्या दर्शनी भागात, चिंचेनं घासून लखलखीत. माझ्याकडून घेताना तो निव्वळ तांबं होता, वजनावर. आता त्याला अँटिक म्हणत होते आणि भाव ऐकून मी स्टुलावर बसलो.

"पेटवायला हवाय हो," मी काकुळतीला आलो.

"पेटवायला?" दुकानदार दुखावला. "साहेब, हॉटेलवाले नेतात. यात मनीप्लांट काय सुरेख दिसतो!"