तारीख कुठाय?

रविवारी बाहेर पडायचं तर मुंबईकराला एवढंच हवं असतं: ब्लॉक आहे का, कुठून कुठवर, किती वाजेपर्यंत? मोबाइल उघडला की सगळ्यात वर बातमी: 'आज मेगाब्लॉक, घराबाहेर पडण्याआधी हे वाचा'. माटुंगा ते मुलुंड. घाटकोपरचा माणूस भाचीच्या साखरपुड्याला तासभर आधी निघतो.

बातमी मागच्या वर्षीची असते.

'आज' म्हणजे नेमका कधीचा आज? तारीख शोधावी तर ती बातमीच्या तळाशी, बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच. नेट स्लो आहे म्हणून आपण वैतागतो. वेळ खातं ते तारीख दडवणारं पान. तारीख दिसली तर कोण वाचणार?

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. गूगलच्या निकालांवरच्या पट्टीत 'टूल्स' असतं, त्यात फक्त मागच्या 24 तासांतलं दाखव असं सांगता येतं. मोबाइलवर ती पट्टी बोटाने शेवटपर्यंत सरकवावी लागते. इतक्या कामाची गोष्ट इतक्या आडबाजूला का, हे विचारायलाच हवं.

बोरिवलीकरांसाठी आणखी एक. मध्य रेल्वे मेगाब्लॉक घेते, पश्चिम रेल्वे जम्बो ब्लॉक. बोरिवलीत बसून 'मेगाब्लॉक' टाइप केलं की ठाण्या-मुलुंडच्या बातम्यांचा ढीग पुढ्यात पडतो आणि गोरेगावचा ब्लॉक प्लॅटफॉर्मवर गेल्यावर कळतो.

म्हणून टाइप करण्याआधी एकच प्रश्न: हे उत्तर मुळात आहे कोणाकडे?

पाणी कधी येणार, हे महापालिकेला ठाऊक आणि महापालिका बोलते विभागाच्या नावाने. 'अंधेरी पश्चिम पाणी बंद' असं शोधलं की दहा वर्षांच्या पाणीकपाती समोर येतात. 'के पश्चिम' लिहा, काम होईल. घाटकोपर म्हणजे एन, मुलुंड म्हणजे टी, बोरिवली म्हणजे आर मध्य. शब्दांना दुहेरी अवतरणचिन्हं लावा, म्हणजे नेमके तेच शब्द शोधले जातील. तरीही नाही सापडलं तर महापालिकेचा 1916 फिरवा. आपला वॉर्ड कोणता, हे किती जणांना सांगता येतं? 

आता निकाल. मे महिना उजाडला की दहावीच्या मुलांच्या घरात एकच शोध: निकाल कधी? पान उघडतं. 'प्रतीक्षा संपली' असं ठळक शीर्षक. खाली जाहिरात. मग निकाल कसा पाहावा, त्याच्या सात पायऱ्या. पुन्हा जाहिरात. मग मागच्या वर्षीची टक्केवारी. आणि अगदी तळाला एक ओळ: 'मंडळाने अद्याप तारीख जाहीर केलेली नाही.' धडधडत्या छातीच्या पोरांना एवढं खाली ओढत नेणं हा धंदा आहे, आणि तो निर्दय आहे.

2025 साली दहावीचा निकाल 13 मेला दुपारी 1 वाजता लागला. तो मंडळाने सांगितला म्हणून कळला. बाकी सगळे नुसतेच प्रतीक्षा संपवत होते.

घर घेणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. कांदिवली-बोरिवलीत गल्लोगल्ली पुनर्विकास चाललाय. इमारतीचं नाव शोधलं की चकचकीत पान येतं, तलाव, झाडं, हसरं कुटुंब. किंमत पाहायची? आधी मोबाइल नंबर द्या. दिला की संध्याकाळपासून दलालांचे फोन सुरू. माहिती शोधायला तुम्ही गेलात, सापडलात तुम्ही.

ताबा कधी मिळणार होता, मुदत कितीदा वाढवून घेतली, कोणते नकाशे मंजूर आहेत, हे सगळं महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर आहे. 2017 पासून आहे, फुकट आहे, नंबर द्यावा लागत नाही. उपनगरातल्या जुन्या प्रकल्पांचा नोंदणी क्रमांक 'पी 518'ने सुरू होतो. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणंही बंधनकारक आहे. आयुष्यभराची पुंजी लावताना तो स्कॅन करायला हयगय कशाला? भाजी घेताना तर आपण प्रत्येक भेंडी मोडून बघतो.

काही गोष्टी तर शोधूच नयेत.

बँकेचा कस्टमर केअर नंबर ही त्यातली पहिली. पोलीस कंठशोष करून सांगतात, तरी माणसं तो गूगलवर शोधतात आणि वर दिसेल तो पहिला नंबर लावतात. पलीकडचा आवाज फार गोड असतो, मराठीतूनही बोलतो. नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला आहे. दोन मिनिटं वाचवायला गेलेल्याची पेन्शन जाते. पैसे गेलेच तर सगळ्यात आधी सायबर हेल्पलाइनचा 1930 लावा, घरच्यांशी भांडण नंतर.

हल्ली वर चौकटीत आयतं उत्तरही येतं. वाचा, पण ते कुठून उचललंय तो दुवा उघडून तारीख बघा. एवढ्या ठामपणे बोलणाऱ्यावर एरवी आपण सहज विश्वास ठेवत नाही, मग इथेच का?

नागरिकाने इतकं शिकायचं. मग कार्यालयांनी काय करायचं? कित्येक सूचना टाइप केलेला कागद छापून, शिक्का मारून, वाकडा स्कॅन करून चढवतात. तो फोटो असतो. त्यातला शब्द सहसा शोधात सापडत नाही. 'के पश्चिम' लिहा नाहीतर आणखी काही.

माहिती अधिकार कायदा 2005 सालचा. त्याचं कलम 4 सांगतं की कार्यालयांनी माहिती आपणहून लोकांपुढे ठेवावी, इतकी की अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. वाकडा स्कॅन चढवून हे कलम पाळलं जातं का? मजकूर मुळात संगणकावरच टाइप झालेला असतो. तोच तसाच, वर तारीख घालून संकेतस्थळावर टाका. त्यासाठी ना निविदा लागते, ना समिती.