पोटहिस्स्यांचे संगीत

इंग्लंडातील शेफील्ड या पोलादाच्या शहरी १९८९ साली तबकड्यांच्या एका दुकानातून ‘वार्प’ नामक स्वतंत्र प्रकाशनसंस्था जन्मास आली, तेव्हा नृत्यगृहातील जनांस पहाटेपर्यंत नाचविणे यापलीकडे तिच्या सनदेत दुसरे कलम नव्हते. परंतु जसजसे ‘टेक्नो’ या यंत्रनिर्मित नृत्यसंगीताच्या मूळ वतनाचे पोटहिस्से पडू लागले, आणि प्रत्येक हिस्सेदाराने आपली हद्द स्वतंत्र नोंदविण्याचा हट्ट धरला, तसतसे असल्या संस्थांना संगीताबरोबर दप्तरदारीही पत्करणे प्राप्त झाले. १९९२ च्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या वार्पच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर यंत्रमानव आरामखुर्चीत विसावलेला आहे. म्हणजे ज्यांनी लोकांस नाचविले, त्यांनीच आता स्वस्थ बसून ऐकण्याचा हुकूम काढला! पुढे बसून ऐकण्याच्या या शाखेस ‘इंटेलिजंट डान्स म्युझिक’ अशी पदवीच चिकटली. उरलेले नृत्यसंगीत बुद्धीच्या कोणत्या प्रतवारीत बसवावे, हा प्रश्न पदवी देणाऱ्यांनी सौजन्याने अनुत्तरित ठेवला. (संबंधित संगीतकारांपैकी कित्येकांना ती पदवी नकोशीच होती, पण नामकरणसमयी बालकास विचारतो कोण?) अखेर यंत्रसंगीताच्या या पीठाने ‘मॅक्सिमो पार्क’ हा चक्क गिटारवादकांचा संच पदरी घेतला, आणि त्याची २००५ सालची पहिली ध्वनिमुद्रिका मर्क्युरी पारितोषिकाच्या नामांकनांत जाऊन बसली.