टेकडीचं मस्टर

पहाटे साडेपाचला पुण्यातली हनुमान टेकडी चढू लागलं, की अंधारातून आधी आवाज येतो : "काल दिसला नाहीत?" विचारण्यात काळजी असते, पण हजेरीबुकाचा कडकपणा जास्त. बँकेतून किंवा महसूल खात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी टेकडीवाल्या काकांच्या अंगातून मस्टर निवृत्त झालेलं नसतं. दोन दिवस खाडा झाला तर कारण द्यावं लागतं. 'लग्नाला गेलो होतो' हे मंजूर होतं. 'झोप लागली' हे होत नाही.

मुलाने टाकून दिलेली ट्रॅक पँट, मुलीने न्यू जर्सीहून पाठवलेले बूट आणि मार्च उलटला तरी न उतरणारी माकडटोपी, हा गणवेश. हातात काठी. ती भटक्या कुत्र्यांसाठी आहे, असं कोणी न विचारता सांगितलं जातं.

काका चढताना सतत बोलतात. पेन्शनची थकबाकी, पाषाणचा पूल, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, सुनेचा ओट्सवरचा विश्वास. ऐकणाऱ्याला हा निव्वळ कंठशोष वाटतो, पण वैद्यकशास्त्र काकांच्या बाजूने आहे. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तो व्यायाम मध्यम श्रमाचा, अशी डॉक्टरांची साधी कसोटी आहे. असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काकांचा तेवढा कोटा बुधवारीच पुरा होतो. गाण्याची कसोटी त्यांनी एकदा घेतली होती. गाता आलं नाही. पण ते खाली, सपाटीवरही येत नाही.

खरा जीव अडकलाय तो मनगटावरच्या घड्याळात. दिवसाला १०,००० पावलं! हा आकडा कुठल्या ऋषीने किंवा डॉक्टरने दिलेला नाही. १९६५च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या हजारो बायकांच्या चालण्याचा अभ्यास झाला आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७,५०० पावलांच्या आसपास फायद्याची कमान सपाट झालेली दिसली. हे काकांना सांगून पाहावं. "ते त्यांच्याकडचं," एवढंच उत्तर मिळतं. रात्री घड्याळ ९,६४० दाखवत असेल, तर काका डायनिंग टेबलाला प्रदक्षिणा घालतात आणि मालिका बघणाऱ्या काकूंच्या टीव्हीसमोरून दर अर्ध्या मिनिटाला जातात.

टेकडीवरच्या बाकावर दैवतं ठरलेली आहेत. पहिले महर्षी कर्वे, १०४ वर्षं जगले, हिंगण्याहून पुण्यात पायी यायचे. (कर्व्यांना त्या वाटेच्या टोकाला काम असे, ही गोष्ट बाकावर निघत नाही.) दुसरे फौजा सिंग. त्यांनी नव्वदीच्या उंबरठ्यावर लंडनची मॅरेथॉन धावली आणि २०११मध्ये, शंभरीत, टोरांटोची पुरी केली. काका ही नावं अशा आपलेपणाने घेतात, की नवख्याला तीही मंडळी याच बॅचची वाटावीत. नऊवारीत, अनवाणी धावून बारामतीची शर्यत जिंकणाऱ्या लता करे यांचं नाव मात्र कोणीतरी आठवण करून दिल्यावर निघतं. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या होत्या. त्यावर बाक थोडा वेळ गप्प होतो, मग कोणीतरी चहाचा विषय काढतं.

तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, साठीनंतर जास्तच. म्हणून पासष्टीपुढच्यांनी चालण्याच्या जोडीला ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, असा सल्ला असतो. काकांना वाटतं, टेकडीत सगळं आलं. अशात एका पहाटे व्हॉट्सॲपवर ब्राझीलचा अभ्यास आला : पन्नाशीपुढच्या ज्यांना एका पायावर १० सेकंद उभं राहता आलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. बाकासमोर लगेच सहा ध्रुवबाळ उभे राहिले. चौथ्या सेकंदाला तपश्चर्या भंगली आणि जमीन उताराची असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. घरी काकूंनी पोह्यांना फोडणी देता देता डावा पाय उचलला आणि शेंगदाणे तांबूस होईपर्यंत खाली ठेवला नाही. नंतर काकूच मंडईतून दोन पिशव्या घेऊन जिना चढून आल्या. काका लिफ्टने आले. सकाळची टेकडी झालेली होती ना!

रविवारी सिंहगड. आतकरवाडीहून पायवाटेने चढायचं, पुणे दरवाज्याशी घड्याळ थांबवायचं आणि गेल्या आठवड्याहून दोन मिनिटं जास्त लागली, तर दोष वाटेतल्या कॉलेजच्या पोरांच्या घोळक्याला द्यायचा. वर कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. घड्याळ जळलेल्या कॅलरी दाखवतं, खाल्लेल्या दाखवत नाही, म्हणून हिशेब नेहमी नफ्यात. उतरायला मात्र जीप. गड उतरताना गुडघ्यांवर वजनाच्या कितीतरी पट भार येतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं एकमेव वाक्य काकांनी तंतोतंत पाळलेलं असतं. जीपमध्ये माणसं कोंबलेली असतात. काका पुढची सीट मिळवतात आणि पहिल्या वळणाच्या आत ड्रायव्हरला वय विचारतात. "बेचाळीस? आणि पोट बघ. उद्या साडेपाचला टेकडीवर ये."