उणे तीनशे बासष्ट

पुण्यात ट्रॅफिकवर मत नसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. माझंही मत होतं, फक्त घरात ते कोणी ऐकून घेत नसे. आयुष्यभर इमारतींचे स्लॅब टाकलेल्या माणसाला सिग्नलमधलं काय कळतं, असा एकूण सूर. म्हणून निवृत्त झाल्यावर मी वाहतूक अभियांत्रिकी व नियोजन या विषयाच्या पदव्युत्तर प्रमाणपत्राला नाव घातलं. वर्गातली पोरं मला काका म्हणत. सरही म्हणत, फक्त हजेरी घेताना नाही.

सुरुवातीला छाती फुगण्यासारखंच सगळं होतं. भारतातल्या रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस 1934 साली निघाली, ती बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीच्या शिफारशीतून. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्याच विद्यापीठाच्या चौकातले उड्डाणपूल 2020 साली पाडून पुन्हा नवीन बांधायला घेतले. ही हकिगत जयकरांच्या कानावर घालायला कोणी उरलं नाही, हे बरंच म्हणायचं.

मग पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट, आलं. रस्त्यावरच्या यच्चयावत वाहनांना मोटारीच्या मापात मोजायचं. मोटार एक, दुचाकी अर्धी, रिक्षा सव्वाच्या आत-बाहेर, बस सव्वादोनच्या आसपास. त्या-त्या वाहनाची गर्दी वाढली की माप वाढतं आणि बस पावणेचारला टेकते. रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या तक्त्यात हातगाडीला चक्क दोन ते तीन दिलेत. आमच्या कोपऱ्यावरचा केळीवाला एकटा दोन-तीन मोटारींच्या बरोबरीचा निघाला. तेव्हापासून मी त्याच्याशी घासाघीस करत नाही.

प्रकल्प म्हणून सरांनी एकेक चौक मोजायला दिला. मी घराजवळचाच घेतला, चहाची सोय म्हणून. वेळ संध्याकाळच्या गर्दीची. पॅडवर तक्ता, दर पंधरा मिनिटांना नवा कागद, प्रत्येक वाहनामागे एक रेघ: चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी. दिसायला बालवाडीचं काम. पण तक्त्यात सरळ, डावीकडे आणि उजवीकडे एवढेच रकाने, आणि आमच्या चौकात त्याखेरीज उलट्या दिशेने, फुटपाथवरून आणि पेट्रोल पंपातून आरपार अशाही दिशा आहेत. एक गृहस्थ स्कूटर ढकलत आले. पादचारी धरावेत की दुचाकी, हे ठरेपर्यंत मागून सिग्नल सुटला आणि पन्नासेक गाड्या न मोजताच गेल्या. तेवढ्यात वरात आली. टांग्याला तक्त्यात दीड ते दोन आहेत, पण नवरदेवाच्या घोडीला काहीच नाही. बँडवाले, दिव्यांच्या माळा आणि ढकलगाडीवरचा जनरेटर धरून मी अंदाजे बारा लिहिले. घोडी थांबून नाचायला लागली तेव्हा अठरा केले.

माझ्याकडे लोकांचंही लक्ष होतं. रिक्षावाल्यांनी मला आरटीओचा माणूस ठरवलं आणि स्टँडवरची रांग एकदम शिस्तीत लागली. हवालदाराने वर्गाचं पत्र वाचून परत दिलं आणि स्वतःची खुर्ची सावलीत सरकवून दिली. चहावाला पैसे घेईना. बऱ्याच आग्रहानंतर त्याने हळूच विचारलं, "साहेब, रुंदीकरणात आपली पायरी जाते का हो?" रुंदीकरणाशी माझा काही संबंध नाही, असं मी म्हणालो. तो समजूतदारपणे हसला आणि वर क्रीमरोल ठेवला.

घरी येऊन गणिताला बसलो. सिग्नलची पूर्ण फेरी किती सेकंदांची असावी, याचं सूत्र वेबस्टर नावाच्या इंग्रजाने 1958 साली देऊन ठेवलंय. दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात पाच मिळवायचे आणि एकातून चौकाचा भार वजा केल्यावर जे उरेल त्याने भागायचं. वाया जाणारे सेकंद सोळा, म्हणजे वर एकोणतीस आले. भार निघाला 1.08. आता एकातून वजा करा. उत्तर आलं उणे तीनशे बासष्ट सेकंद. बायको म्हणाली, "अहो, जेवायला चला." आमचा सिग्नल लाल व्हायच्या सहा मिनिटं आधीच हिरवा झाला पाहिजे, असं काहीसं मी तिला सांगितलं. तिने वरण पुन्हा गरम करायला ठेवलं.

सरांचं म्हणणं, भार एकाच्या पुढे गेला की तो चौक या सूत्रात बसत नाही. पुढचा उपाय म्हणजे लेन वाढवणं, पर्यायाने रस्ता रुंद करणं. तसं अहवालात लिहा म्हणाले. घोडी काढून टाकून बघितलं, तरी भार एकाच्या खाली येईना. मी लिहिलं.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची खास सभा लागली. विषय एकच, रस्ता रुंदीकरणास विरोध. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चेअरमन सांगत होते, "चौकात महापालिकेचे लोक येऊन मोजणी करून गेलेत. टेप होते, दुर्बिणी होत्या. म्होरक्या म्हणे उतारवयाचा, टोपीवाला, फार खवचट दिसतो." मी डोक्यावरची टोपी काढून मांडीखाली घेतली. बायको वर छताकडे बघत होती. सोसायटीची भिंत जाणार म्हणून सगळे पेटलेले, आणि चेअरमन सर्वांत जास्त, कारण भिंतीला लागून त्यांनी गाडीसाठी टाकलेला पत्रा कुठल्याच नकाशात नाही. निषेधाचं पत्र लिहायचं ठरलं. मी इंजिनिअर, शिवाय नुकताच याच विषयाच्या क्लासला जाणारा, म्हणून ते एकमताने माझ्याकडे आलं.

पत्र झकास उतरलं. पण सेक्रेटरी म्हणाले, नुसत्या भावना नकोत, आकडे हवेत. या चौकात मुळी गर्दीच नाही हे दिसलं पाहिजे. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. आकडे आहेत, पण ते उणे आहेत, असं मी चाचरत म्हणालो. भार, क्षमता, वेबस्टर, सगळं समजावून सांगितलं. चेअरमननी लक्ष देऊन ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, एवढं शिकलात ना? मग ते उणे तेवढं अधिक करून टाका, आणि खाली सही करा."