इटलीत एक नंबर

गलाईवाला कायमचा वडूजला परतला की बंगला बांधतो, देवळाला देणगी देतो आणि पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा राहतो. आमच्या अण्णांनी यातलं काहीच केलं नाही. केरळात उभी हयात सोनं गाळून ते आले ते व्हॅन डर ग्राफ जनरेटर घेऊन.

बातमी फुटली तसं शेजारचं लग्नघर दारात. "अण्णा, किती केव्हीचा? वरातीला द्याल का?" अण्णांनी त्यांना बसवून घेतलं आणि १९६७ साली मँचेस्टर विद्यापीठातल्या पोरांनी काढलेल्या त्या नावाच्या इंग्रज बँडची हकीकत सांगितली. चहा निवला. वरातीला डीजे आला.

अण्णांना गर्दीचं वावडं. लताबाईंना, भीमसेनांना ऐकायला लोक आहेत, तिथं अण्णांचं काय काम? जवळच औंधचा संगीत महोत्सव. तिथं जातात, पण ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा गवयापुरते. तो उठला की हेही उठतात. पिंक फ्लॉइड म्हटलं की तोंड कडू होतं. "त्ये काय, समद्यास्नी ठावं हाय."

जनरेटरचं कौतुक मात्र गलाईवाल्याच्या हिशेबानं चालतं. बँडमध्ये बास गिटारवाला नाही. ह्यू बँटन ऑर्गन वाजवता वाजवता पायांनीच खर्ज भरतो. डेव्हिड जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकदम फुंकायचा. "म्हंजी बघ, दोन गड्यांचा पगार वाचला!" 'पॉन हार्ट्स' या तबकडीची एक अख्खी बाजू म्हणजे दीपगृहाच्या राखणदाराचं २३ मिनिटांचं एकच गाणं. ते लागलं की काकी दळण टाकून, बाजार करून येतात. राखणदार अजून तळमळतच असतो. खरं सांगायचं तर मलाही ते झेपत नाही. पण अण्णांचं बोलणं ऐकायला मी जातो.

विलायतेत ही तबकडी कुणी फारशी विचारली नाही. इटलीत १९७२ साली विक्रीत पहिली. इथं अण्णांचा आवाज चढतो. "गावात कुत्रं इचारत न्हाई आन् परमुलखात धंदा जोरात. ह्ये गलाईवालं न्हाईत तर काय!" दौऱ्यांवर दौरे झाले, हाती पैसा लागेना, आणि त्याच साली बँड मोडला. तो १९७५ला पुन्हा जमला, हे मात्र अण्णा भरभर उरकतात.

परवा पुतण्यानं त्यातली एक धून रिंगटोनला लावली. एसटी स्टँडवर चार पोरांनी मागून घेतली. अण्णांना जेवण गेलं नाही. बँड गेला तो गेलाच, म्हणाले.

आता ते मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'वर आले आहेत. एकुलती एक तबकडी, तीही १९८१ साली निघाली तेव्हा बँडच उरला नव्हता. पुढं परदेशातल्या शौकिनांनी तिला डोक्यावर घेतलं. अण्णांनी दार लोटलं, आवाज बारीक केला आणि मला दम भरला, "पुतण्याला बोलू नगंस."